टीव्हीचा रेकॉर्डर, घरचा कॉम्प्युटर आणि मधली वायर

देहूहून तुकोबांची आणि आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते, तेव्हा या दोन्ही क्षेत्रांच्या मधल्या पट्ट्यात वसलेल्या चिखलीत टीव्ही बंद ठेवणारे घर विरळाच. प्रस्थानाचा सोहळा थेट दिसत असतो आणि घरातले कुणीतरी म्हणते, हे रेकॉर्ड करून ठेवा. सोय तर समोरच असते. टीव्हीखालच्या सेट टॉप बॉक्सला यूएसबीची खाच, रिमोटवर लाल बटण. पेनड्राइव्ह खोचला, बटण दाबले, रेकॉर्डिंग सुरू. सोहळा संपल्यावर तोच पेनड्राइव्ह घरच्या कॉम्प्युटरला लावला की अनेक घरांत एकच अनुभव येतो. पडद्यावर प्रश्न उमटतो: हा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायचा का?

येथे 'होय' दाबले की सगळे गेले. पेनड्राइव्ह बिघडलेला नसतो. बॉक्सने तो स्वतःच्या पद्धतीने आखून घेतलेला असतो आणि ती आखणी विंडोजला ओळखता येत नाही. काही बॉक्स आखणी नेहमीचीच ठेवतात, फाइल दिसते, तिचा आकारही दोन-तीन जीबी दिसतो, पण कोणताही प्लेअर ती उघडत नाही. कारण फाइलला कुलूप असते. डीटीएच किंवा डिजिटल केबलचा सिग्नल घरात येतो तोच सांकेतिक रूपात. पैसे भरलेल्या ग्राहकाच्या बॉक्समधली किल्ली तो उलगडून टीव्हीला देते. रेकॉर्डिंग करताना बॉक्स तो पुन्हा सांकेतिक करतो आणि या वेळची किल्ली त्याच बॉक्सच्या चिपमध्ये राहते. त्यामुळे बॉक्स बदलला, जळाला किंवा कंपनी बदलली की आधीचे सगळे रेकॉर्डिंग मुके होते.

गंमत म्हणावी तर हा बॉक्स स्वतःच एक कॉम्प्युटर आहे. त्यात प्रोसेसर आहे, मेमरी आहे, पुष्कळदा लिनक्सही असते. २००८ मध्ये टाटा स्काय प्लस आला आणि पोटात हार्ड डिस्क असलेला रेकॉर्डर भारतीय घरांत पोहोचला. पुढच्या वर्षी आलेल्या व्हिडिओकॉन डी२एचनेही रेकॉर्डिंगची सोय दिली. घरी नसताना मालिका सुटू नये म्हणून लोकांनी अशा पेट्या घेतल्या. साठवण्याची ताकद भरपूर मिळाली. साठवलेले हलवण्याची मुभा मात्र मिळाली नाही.

कायदा याबाबत दोन बाजू सांगतो. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या ३९व्या कलमानुसार प्रक्षेपणाचे ध्वनी किंवा दृश्य मुद्रण स्वतःच्या खासगी वापरासाठी केले, तर तो हक्कभंग ठरत नाही. २०१२च्या दुरुस्तीत आलेले ६५अ कलम सांगते की हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडले तर तो गुन्हा आहे. म्हणजे पालखी सोहळा स्वतःसाठी टिपून ठेवायला कायद्याची आडकाठी नाही, पण कुलूप फोडण्याची हत्यारे शोधत बसणे हा शहाणपणाचा मार्ग नाही.

त्याहून सरळ मार्ग आहे, आणि तो फारसा कुणी वापरत नाही. दूरदर्शनची फ्री डिश सेवा २००४च्या डिसेंबरात 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. तिच्यावरच्या एमपेग-२ पद्धतीच्या वाहिन्या खुल्या असतात. त्यांत सह्याद्रीही आहे. गच्चीवरच्या छत्रीची वायर सरळ कॉम्प्युटरमधल्या उपग्रह-ट्यूनर कार्डात घातली की बॉक्सची गरजच उरत नाही. व्हीएलसीसारखा फुकट प्लेअर तो प्रवाह दाखवतोही आणि जसाच्या तसा फाइलमध्ये उतरवतोही. यात चित्र पुन्हा दाबले जात नाही. केंद्रातून निघाले तेच आकडे डिस्कवर येतात. 'मिथटीव्ही' हा २००२ मध्ये सुरू झालेला मुक्त प्रकल्प तर वेळापत्रक लावून ठेवले की मध्यरात्रीचा कार्यक्रमही आपोआप टिपतो. घरात एखादा जुना डेस्कटॉप पडून असेल तर त्याच्यासाठी यापेक्षा चांगले काम नाही.

हे कुलूप नवे आहे. टीव्हीच्या रेकॉर्डरची आधीची पिढी अगदी मोकळ्या स्वभावाची होती.

१९७३ पासून मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम सिंहगडावरच्या मनोऱ्यातून पुणे परिसराला मिळू लागले. चिखलीच्या दक्षिणेला, सरळ रेषेत सुमारे पस्तीस किलोमीटरवर सिंहगड. म्हणून इथल्या कौलांवरचे आणि पत्र्यांवरचे अँटेना दक्षिणेकडे तोंड करून असत. वारा आला की कुणीतरी वर चढायचे आणि खालून ओरडा व्हायचा: आलं, आलं, गेलं! १९८२च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत टीव्ही आला, व्हीसीआर आले, आणि टेल्को, बजाज, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कामगारवस्त्यांत व्हीसीआर भाड्याने आणून एका रात्रीत तीन-तीन सिनेमे पाहण्याची पद्धत पडली. चिखली तेव्हा ग्रामपंचायतीचे गाव होते. पिंपरी-चिंचवड महापालिकेत ते १९९७ मध्ये आले.

व्हीसीआर म्हणजे नेमके काय करणारे यंत्र, हे त्याचे झाकण काढून पाहिले की नीट कळते. मध्यभागी ६२ मिलिमीटर व्यासाचा एक चकचकीत धातूचा ड्रम किंचित कललेला असतो. कॅसेट आत गेली की दोन छोटे दांडे फीत ओढून बाहेर काढतात आणि त्या ड्रमभोवती गुंडाळतात. फीत सरकते सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर, म्हणजे गाण्यांच्या कॅसेटच्या निम्म्या वेगाने. पण ड्रम सेकंदाला २५ फेऱ्या घेतो आणि त्याच्यावरची दोन हेड फितीला तिरपी घासत जातात. त्यामुळे हेड आणि फीत यांच्यातला खरा वेग सेकंदाला सुमारे ४.८५ मीटर होतो. ड्रमच्या एका फेरीत दोन तिरप्या रेघा, दोन रेघांत मिळून एक पूर्ण चित्र, सेकंदाला पंचवीस चित्रे. ई-१८० कॅसेटमधल्या सुमारे अडीचशे मीटर फितीवर तीन तास बसतात ते या तिरप्या लिखाणामुळे.

हेडला चित्र कळत नाही. त्याला कळतो तो फक्त वरखाली होणारा विद्युतदाब. कॉम्प्युटरवाल्यांनी नेमके हेच हेरले.

त्या काळातल्या घरगुती कॉम्प्युटरांना डिस्क परवडत नसे. भारतात १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात 'डेसिबेल्स' कंपनीने परवान्याने बनवलेला 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकला गेला. घरचा टीव्ही हाच त्याचा पडदा आणि घरचा टेपरेकॉर्डर हीच त्याची तिजोरी. प्रोग्रॅम साध्या ऑडिओ कॅसेटवर किंचाळ्यांच्या रूपात साठवला जाई, सेकंदाला साधारण दीड हजार बिट या वेगाने. ४८ केबीची मेमरी पूर्ण भरायला चार-पाच मिनिटे लागत, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात फीत अडखळली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ऑडिओ फितीवर दहा-पंधरा हजार हर्ट्झपर्यंतचे चढउतार बसतात. व्हीसीआरच्या व्हीएचएस फितीवर सुमारे तीस लाख. फरक दोनशे पटींचा. मग घरात व्हीसीआर असताना कॉम्प्युटरचा माल टेपरेकॉर्डरवर कशाला ठेवायचा, हा विचार येणारच होता.

अट एकच: माहितीला चित्राचा वेष चढवायला हवा. व्हीसीआरला प्रत्येक ओळीच्या आणि प्रत्येक चित्राच्या सुरुवातीला ठरावीक खूण लागते, नाहीतर ड्रमचा ताल सांभाळता येत नाही. त्या खुणा ठेवायच्या आणि मधल्या जागेत शून्य म्हणजे काळे, एक म्हणजे पांढरे असे ठिपके भरायचे. अमेरिकेतल्या कॉर्व्हस कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच 'मिरर' नावाने अशी सोय विकायला काढली होती. सर्वांत जास्त नाव झाले ते रशियन 'आर्व्हिड'चे. मॉस्कोजवळच्या झेलेनोग्राडमध्ये १९९२ मध्ये बनू लागलेले हे कार्ड कॉम्प्युटरात बसवायचे, त्याच्या दोन वायरी व्हीसीआरच्या व्हिडिओ इन आणि व्हिडिओ आउटला जोडायच्या. सेकंदाला २०० केबी धरले तर तीन तासांच्या, म्हणजे १०,८०० सेकंदांच्या कॅसेटवर दोन जीबीहून अधिक माल मावे. ज्या काळी घरगुती कॉम्प्युटरची हार्ड डिस्क शंभर एमबीच्या आसपास असे, त्या काळातला हा आकडा आहे. टीव्ही लावून पाहिले तर पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत, पण शिस्तीत बसवलेल्या मुंग्या.

त्यातली एक युक्ती फार सुरेख होती. व्हीसीआरला कॉम्प्युटरचा हुकूम घ्यायची सोयच नव्हती. मग आर्व्हिडवाल्यांनी वायरीच्या टोकाला रिमोटमध्ये असतो तसला इन्फ्रारेड दिवा लावला. कॉम्प्युटर रिमोटची नक्कल करी, आणि व्हीसीआरला वाटे की मालकानेच रेकॉर्डचे बटण दाबले. फितीवर धुळीचा कण बसला तर सिनेमा पाहणाऱ्याला क्षणभर एक पांढरी रेघ दिसते, तो ती विसरतो. प्रोग्रॅममधला एक बिट चुकला तर प्रोग्रॅम चालत नाही. म्हणून माहितीबरोबर हॅमिंग पद्धतीचे जादा बिट लिहिले जात, ज्यांच्या आधारे वाचताना चूक सापडे आणि दुरुस्तही होई.

व्हिडिओ फितीवर आकडे ठेवण्याच्या या कल्पनेचा एक ठसा आजही घरोघरी आहे. सीडीतले संगीत सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचे का असते? सीडीच्या आधी डिजिटल संगीत साठवायला व्हिडिओ रेकॉर्डरच वापरत. आपल्याकडच्या टीव्हीच्या 'पाल' पद्धतीत चित्राच्या प्रत्येक अर्ध्यात २९४ ओळी वापरायच्या, ओळीत तीन नमुने ठेवायचे, आणि असे अर्धे सेकंदाला ५० येतात. २९४ गुणिले ३ गुणिले ५० म्हणजे बरोबर ४४,१००. अमेरिकी पद्धतीत २४५ गुणिले ३ गुणिले ६०, तेही तेवढेच. टीव्हीच्या दोन वेगळ्या मोजमापांत बसणारा हा आकडा सीडीने उचलला.

हार्ड डिस्क स्वस्त झाल्या, सीडी रायटर आले आणि व्हीसीआरवर प्रोग्रॅम ठेवण्याची हौस मागे पडली. वायर मात्र राहिली. माल तेवढा उलट दिशेने वाहू लागला. आता कॅसेटमधले चित्र कॉम्प्युटरात आणायचे होते.

घरोघरच्या कपाटांत, पलंगाच्या पेटीत, माळ्यावरच्या खोक्यात असलेल्या कॅसेटींवर काय आहे ते लेबलांवरूनच कळते: साखरपुडा, लग्न भाग १, लग्न भाग २, बारसे, गावची जत्रा. एखाद्या लग्नाच्या कॅसेटच्या शेवटी फीत उरली म्हणून टिपलेला दूरदर्शनचा तासभराचा कार्यक्रमही असतो, जाहिराती आणि बातम्यांच्या मथळ्यांसकट. महत्त्वाच्या कॅसेटची मागची प्लास्टिकची टॅब मोडलेली असते, चुकून कुणी वर सिनेमा भरू नये म्हणून. आणि ज्या टॅबच्या जागी चिकटपट्टी लावलेली दिसते, तिथे कुणीतरी तरीही भरला आहे. लेबलांवरच्या प्रसंगांपेक्षा कॅसेटच्या शेवटी टिपलेला दूरदर्शनचा तो तासभर पुढे जास्त मोलाचा ठरू शकतो. प्रक्षेपण संस्थांनी महागड्या फिती पुसून पुन्हा वापरल्याची उदाहरणे जगभर आहेत. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' मालिकेचे कितीतरी भाग असेच गेले. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २०१२ मध्ये निधन होईपर्यंत घरच्या व्हीसीआरवर बातम्या टिपल्या. त्यांच्या सुमारे सत्तर हजार कॅसेटी नंतर इंटरनेट अर्काइव्हकडे गेल्या. दूरदर्शनवरच्या मराठी कार्यक्रमांतला कोणता भाग कुणाच्या माळ्यावर शिल्लक असेल, हे आज कुणीच सांगू शकत नाही. म्हणून लेबल नसलेली कॅसेट भंगारात देण्याआधी एकदा लावून पाहावी.

वेळ थोडाच आहे. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. ती या धंद्यातली शेवटची मोठी उत्पादक होती. २०१९ मध्ये युनेस्कोच्या 'मॅग्नेटिक टेप अलर्ट' उपक्रमात इशारा दिला गेला की २०२५च्या सुमारास चुंबकीय फिती वाचण्याची यंत्रे आणि सुटे भाग मिळणे संपत जाईल. चिखलीतल्या कुदळवाडीची भंगार गोदामे फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने मोठ्या कारवाईत पाडली. भंगाराचे व्यवहार विखुरले. जुन्या यंत्रातून एखादा पट्टा किंवा हेड काढून देणारा माणूस शोधणे त्यानंतर सोपे झालेले नाही.

आणि इथला पावसाळा. इंद्रायणीकाठच्या दमट हवेत चार महिने बंद कपाटात पडलेल्या कॅसेटच्या खिडकीतून पाहिले, तर फितीच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरट, पावडरीसारखी नक्षी दिसते. ती बुरशी. अशी कॅसेट तशीच यंत्रात घातली की बुरशी फिरत्या ड्रमवर चढते, हेड बुजते, आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. चांगल्या व्हीसीआरमध्ये ड्रमजवळ दवाचा सेन्सर असतो. ओल जाणवली की तो यंत्र सुरूच होऊ देत नाही, कारण ओल्या ड्रमला फीत चिकटून फाटते. तेव्हा हे काम मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत करावे. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यावी, म्हणजे वर्षानुवर्षे घट्ट बसलेले पदर सुटतात.

जोडणी सोपी आहे. व्हीसीआरमागची पिवळी पिन चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. त्या यूएसबी कॅप्चर उपकरणात, आणि उपकरण कॉम्प्युटरात. पूर्वी घराघरांत इंटेक्स, फ्रंटेक यांचे ट्यूनर बॉक्स किंवा कार्ड असत आणि केबलची जाड वायर थेट त्यांत जाई. पुण्यासह ३८ शहरांत २०१३ मध्ये केबल डिजिटल झाली आणि त्या ट्यूनरना पकडायला वाहिन्याच उरल्या नाहीत; पण त्यांच्यावरची पिवळी खाच अजून कामाची आहे.

अडचण येते ती तालाची. जुन्या फितीवरून येणाऱ्या ओळी घड्याळासारख्या नेमक्या वेळी येत नाहीत, किंचित मागेपुढे होतात. टीव्ही ते सांभाळून घेतो, कॉम्प्युटर घेत नाही. तो चित्र गाळतो, आणि तासाभराने मंगलाष्टकांचा आवाज एकीकडे व अक्षता दुसरीकडे पडू लागतात. फीत आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये 'टाइम बेस करेक्टर' हे उपकरण ठेवले तर ओळी पुन्हा तालात येतात. काही एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये ते आतच असते. जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडून त्यातून सिग्नल पुढे नेला तरी पुष्कळ फरक पडतो.

परदेशी गेलेल्या मराठी घरांची आणखी एक अडचण असते. पुण्यात टिपलेली लग्नाची कॅसेट न्यू जर्सीतल्या लेकीला पाठवली, तर तिकडच्या व्हीसीआरवर नुसती धावती पट्टी दिसे. भारतात ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे, अमेरिकेत ५२५ ओळी आणि ३० चित्रे. तेव्हा पैसे मोजून रूपांतर करून घ्यावे लागे, आणि त्या दुसऱ्या प्रतीत रंग व बारकावे कमी होत. अशा घरांत आज अमेरिकी प्रत हाताशी असली, तरी डिजिटल करायला भारतातली मूळ पाल कॅसेटच घ्यावी.

किती जागा लागेल? पाल चित्र अजिबात न दाबता घेतले तर तासाला सुमारे ७५ जीबी. डीव्ही पद्धतीने तासाला १३ जीबी. डीव्हीडीच्या दर्जाने अडीच-तीन जीबी. घरगुती साठवणीसाठी डीव्ही किंवा तिच्या तोडीची पद्धत घ्यावी, कारण एकदा जास्त दाबलेले चित्र पुन्हा उलगडत नाही. तीन-तीन तासांच्या दहा कॅसेटी धरल्या तरी ४०० जीबीत बसतात.

गेल्या काही वर्षांत हौशी तंत्रज्ञांनी याच्याही पुढची वाट काढली आहे. 'व्हीएचएस-डीकोड' या मुक्त प्रकल्पात व्हीसीआरची पिवळी पिन वापरतच नाहीत. हेडमधून निघालेला कच्चा सिग्नल आतल्या सर्किटवरूनच वायर लावून उचलतात आणि सेकंदाला २.८६ कोटी नमुन्यांच्या वेगाने कॉम्प्युटरात भरतात. तासाला शंभर जीबीहून जास्त जागा लागते. मग चित्र बनवण्याचे सगळे काम, ताल दुरुस्त करण्यासकट, सॉफ्टवेअर करते. सॉफ्टवेअर सुधारले की त्याच फाइलमधून आणखी चांगले चित्र काढता येते आणि फीत पुन्हा फिरवावी लागत नाही.

घरच्या रेकॉर्डरने टिपलेला टीव्ही कॉम्प्युटरने सोडवल्याचे एक उदाहरण यापेक्षा कितीतरी जुने आहे. एप्रिल १९३३ मध्ये बीबीसीने 'लुकिंग इन' नावाचा ३० ओळींचा टीव्ही कार्यक्रम प्रक्षेपित केला. इंग्लंडमधल्या एका हौशी माणसाने तो घरच्या यंत्रावर अॅल्युमिनियमच्या तबकडीवर कोरून ठेवला. ती तबकडी वाजवली की नुसती घरघर ऐकू येई. डोनाल्ड मॅक्लिन या अभियंत्याने १९९०च्या दशकात ती घरघर कॉम्प्युटरात घेतली, तिचा ताल ओळीओळीने सरळ केला, आणि नाचणाऱ्या मुली दिसू लागल्या.

चिखलीतल्या घराला एवढे करावे लागणार नाही. चालू स्थितीतला एक व्हीसीआर, तीन रंगांची वायर, कॅप्चर उपकरण आणि एक टीबीची डिस्क एवढ्यात दहा कॅसेटी दोन-तीन आठवड्यांच्या संध्याकाळींत उतरतात, कारण तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागणारच. सुरुवात बुरशी नसलेल्या पण सर्वांत जुन्या कॅसेटपासून करावी. बुरशीच्या कॅसेटी वेगळ्या ठेवून, साफ केल्यावरच शेवटी घ्याव्यात. फाइलच्या नावात वर्ष, गाव आणि प्रसंग लिहावा, आणि आजी-आजोबा आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून कोण कुठे उभे आहे ते विचारून घ्यावे. दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरात ठेवावी, आणि मूळ कॅसेट कोरड्या जागी, पुस्तकासारखी उभी.